डोळे शाबूत, तरीही दृष्टी अधू
(डोक्याच्या दुखापतीनंतर पाहण्याच्या तपासणीविषयी एक अभ्यासलेख)

शाळेच्या वार्षिक आरोग्य तपासणीत विद्यार्थ्याला सहा मीटर अंतरावर उभे करून भिंतीवरील तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावतात. त्याने शेवटच्या ओळींपर्यंत अक्षरे बरोबर वाचली की वहीत ‘६/६’ अशी नोंद होते आणि पुढच्या विद्यार्थ्याचे नाव पुकारले जाते. हा तक्ता नेदरलँड्समधील नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केला. दीडशेहून अधिक वर्षे तो जगभर वापरात आहे आणि त्याचे मोल निर्विवाद आहे. चष्म्याची गरज असलेली असंख्य मुले या तक्त्यानेच शोधून काढली आहेत. परंतु ‘६/६’ या आकड्याचा अर्थ इतकाच की, समोर रोखून पाहिले असता त्या मुलाला बारीक अक्षर ओळखता येते. त्याला डावीकडून येणारी सायकल दिसते काय, जिना उतरताना एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसतात काय, पुस्तकातील ओळीची सुरुवात सापडते काय, या प्रश्नांची उत्तरे त्या आकड्यात नसतात.

डोक्याला मार लागलेल्या व्यक्तीच्या बाबतीत नेमके हेच प्रश्न महत्त्वाचे ठरतात. आपल्या समाजातील माणसे बांधकामाच्या परातीवर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात आणि दुचाकीवर आयुष्य काढतात. पडणे, धडकणे, डोक्यावर काही आदळणे हे अपघात आपल्या वस्त्यांना अपरिचित नाहीत. जखमेचे टाके निघाले, सूज उतरली, की माणूस बरा झाला असे घरचे मानतात. त्यानंतर मूल अभ्यासात मागे पडू लागले तर त्याला आळशी म्हटले जाते, आणि कामगार कामात चुकू लागला तर त्याला कामचुकार म्हटले जाते. या दोन शिक्क्यांमागे कित्येकदा न तपासलेली दृष्टी असते. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधवांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

पाहणे म्हणजे काय?

‘डोळा पाहतो’ असे आपण सहज बोलतो. बौद्ध विचारात मात्र पाहण्याचे विवेचन अधिक काटेकोर आहे. चक्षू, रूप आणि चक्षुविज्ञान ही तिन्ही एकत्र आली म्हणजे स्पर्श घडतो, असे धम्म सांगतो. नुसता डोळा किंवा नुसती समोरची वस्तू यांनी दर्शन होत नाही. याचा अर्थ अडीच हजार वर्षांपूर्वी मेंदूविज्ञान ठाऊक होते, असा दावा आम्ही करीत नाही. असे दावे करणे हे तपासून पाहण्याचा आग्रह धरणाऱ्या तथागतांच्या शिकवणीशीच विसंगत ठरेल. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, पाहणे ही अनेक कारणांच्या संयोगाने घडणारी क्रिया आहे, आणि त्यांतील एक कारण तुटले तरी ती क्रिया बिघडते, हे समजून घेण्याची सवय आपल्या परंपरेत आहे.

आधुनिक विज्ञानाने या कारणांची साखळी उलगडली आहे. प्रकाश बाहुलीतून आत शिरतो व डोळ्याच्या मागील दृष्टिपटलावर पडतो. तेथून दृष्टीची नस संदेश घेऊन मेंदूकडे जाते. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात आणि तेथे त्यांतील सुमारे निम्मे तंतू बाजू बदलतात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी बाजू मेंदूच्या उजव्या भागाकडे जाते आणि उजवी बाजू डाव्या भागाकडे. शेवटी हे संदेश डोक्याच्या अगदी मागच्या बाजूस, मेंदूच्या पश्चखंडात पोहोचतात. तेथून पुढे ‘ही वस्तू कोणती’ आणि ‘ती कोठे आहे’ याचा उलगडा मेंदूचे इतर भाग करतात. दोन्ही डोळे एकाच वेळी एकाच जागी वळावेत म्हणून प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू आहेत आणि त्या स्नायूंना आज्ञा देणाऱ्या तीन स्वतंत्र नसा आहेत. डोक्याला बसलेला धक्का या साखळीच्या कोणत्याही कडीला इजा करू शकतो. डोळा बाहेरून स्वच्छ व शाबूत दिसत असतानाही हे घडते.

रणांगणावरील जखमांनी दिलेले ज्ञान

मेंदूचा कोणता भाग दृष्टीचा कोणता भाग सांभाळतो, हे ज्ञान मानवाला फार मोठी किंमत मोजून मिळाले. १९०४-०५ साली जपान व रशिया यांच्यात युद्ध झाले. रशियन सैन्याच्या नव्या बंदुकांची गोळी लहान आकाराची व अतिवेगवान होती. ती कवटीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ रेषेत बाहेर पडत असे, आणि अशा जखमा झालेले काही सैनिक वाचत असत. तात्सुजी इनोये हे तरुण जपानी नेत्रतज्ज्ञ त्या वेळी सैन्यात होते. जखमी सैनिकांची दृष्टी किती गेली आहे हे ठरविण्याचे काम त्यांच्याकडे होते, कारण त्यावर सैनिकाचे निवृत्तिवेतन अवलंबून होते.

इनोये यांनी प्रत्येक सैनिकाच्या दृष्टिक्षेत्राचा नकाशा काढला. गोळी कोठून शिरली व कोठून बाहेर पडली हे मोजण्यासाठी त्यांनी स्वतः एक उपकरण तयार केले. गोळीचा मेंदूतील मार्ग आणि हरवलेल्या दृष्टीचा भाग यांची त्यांनी सांगड घातली. २९ सैनिकांचा हा अभ्यास १९०९ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. स्वीडनमधील हेन्शेन यांनी त्यापूर्वी पश्चखंडातील दृष्टीची जागा बऱ्याच अंशी अचूक सांगितली होती, परंतु नजरेचा मध्यभाग त्यांनी पुढच्या बाजूस मांडला होता. तो मध्यभाग मेंदूच्या अगदी मागच्या टोकाशी असतो आणि त्याला बरीच मोठी जागा मिळालेली असते, हे इनोये यांनी दाखविले.

पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या मेंदुतज्ज्ञांनी फ्रान्समधील युद्धरुग्णालयांत हेच कार्य अधिक मोठ्या प्रमाणावर केले. ब्रिटिश सैनिकांचे शिरस्त्राण उथळ होते आणि डोक्याचा मागील खालचा भाग उघडा राही. तोफगोळ्यांचे तुकडे नेमके तेथे लागत. होम्स यांनी नेत्रतज्ज्ञ लिस्टर यांच्यासह १९१६ मध्ये आणि स्वतंत्रपणे १९१८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा नकाशा पुढे कित्येक दशके वैद्यकाच्या पुस्तकांत प्रमाण मानला गेला. १९९१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मेंदूच्या नव्या चित्रणतंत्राने तो तपासला, तेव्हा नजरेच्या मधल्या दहा अंशांसाठी या भागातील निम्म्याहून अधिक जागा खर्च होते असे आढळले आणि नकाशात दुरुस्ती झाली. ज्ञान कोणाच्या मोठेपणावर अंतिम ठरत नाही आणि पुराव्याने ते सुधारत राहते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

होम्स यांनी आणखी एक गोष्ट नोंदविली. काही सैनिकांना वस्तू स्पष्ट दिसे, तिचे नावही सांगता येई, परंतु ती किती दूर आहे व नेमकी कोठे आहे हे कळत नसे. ते ती उचलायला जाताना हात भलतीकडेच नेत आणि चालताना समोरच्या भिंतीवर आदळत. १९१७ मध्ये रिडॉक या स्कॉटिश वैद्यांनी असे सैनिक पाहिले की, ज्यांना अंध झालेल्या भागात स्थिर वस्तू दिसत नसे, पण तीच वस्तू हलली तर हालचाल जाणवे. अशा माणसाला ‘खोटे बोलतोस’ असे म्हणणे किती सोपे आहे! परंतु या वैद्यांनी रुग्णाचे म्हणणे खोटे ठरवले नाही. त्यांनी ते लिहून घेतले आणि तपासले. त्यातूनच विज्ञान पुढे सरकले.

झासेत्स्कीच्या वह्या

शिक्षणाशी संबंधित माणसांनी दुसऱ्या महायुद्धातील एक हकीकत अवश्य जाणून घ्यावी. झासेत्स्की हा तंत्रशिक्षण घेणारा रशियन तरुण १९४३ मध्ये आघाडीवर डोक्यात गोळी लागून जखमी झाला. मेंदूच्या डाव्या मागील भागास इजा झाली. त्याला उजवी बाजू दिसेनाशी झाली. शब्दाची अक्षरे एकेक करून ओळखावी लागत आणि पुढच्या अक्षराकडे जाईपर्यंत मागचे निसटून जाई. अलेक्झांडर लुरिया या मानसशास्त्रज्ञांनी त्याच्यावर दीर्घकाळ उपचार केले. एकेक अक्षर आठवून लिहिण्याऐवजी हात न उचलता, सवयीने, सलग शब्द लिहून पाहा, असे त्याला सुचविण्यात आले आणि त्याचे लेखन परत आले. आपण लिहिलेले वाचणे मात्र त्याला अतिशय कष्टाचे होते. तरीही त्याने सुमारे पंचवीस वर्षे लिहून जवळजवळ तीन हजार पाने भरली.

या हकीकतीतून दोन गोष्टी लक्षात येतात. मेंदूच्या दुखापतीने सर्वच क्षमता नष्ट होत नाहीत, काही मार्ग उघडे राहतात. आणि तो उघडा मार्ग सापडण्यासाठी आधी नेमके काय बिघडले आहे याची बारकाईने तपासणी व्हावी लागते.

पहिले तास जिवाचे

दृष्टीच्या तपासणीपूर्वी जीव वाचविणे आले. डोक्याला मार लागल्यावर बेशुद्धी, वाढती गुंगी, वारंवार उलटी, आकडी, वाढत जाणारी डोकेदुखी, बरळणे, हातापायातील शक्ती कमी होणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्राव येणे यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या घटकेला डोळाही महत्त्वाची साक्ष देतो. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली, एक पापणी खाली पडली, किंवा नव्याने दोन-दोन दिसू लागले, तर कवटीच्या आत दाब वाढत असल्याची ती खूण असू शकते. म्हणूनच या काळात घरातले कोणतेही थेंब डोळ्यांत घालू नयेत. बाहुली मोठी करणाऱ्या औषधाने ही खूण झाकली जाते. जखमीची मान हलवू नये, त्याला बसवून पाणी पाजू नये.

येथे एक स्पष्ट इशारा द्यावासा वाटतो. दुखापतीनंतर नजर गेलेल्या भागात काही जणांना रंग, आकृती किंवा माणसे दिसल्याचा भास होतो. मेंदूला त्या भागाकडून संदेश मिळेनासे झाल्याने हे घडू शकते. काही घरांत अजूनही याला ‘बाहेरचे’ म्हणतात आणि रुग्णालयाऐवजी दुसरीकडेच नेतात. ज्यांनी धम्म स्वीकारला त्यांच्या घरी तरी हे घडता कामा नये. दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते, यावर आपला विश्वास आहे. मागील जन्माच्या कर्माने अपंगत्व येते ही कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्टपणे नाकारली आहे, याचेही स्मरण ठेवावे.

दुखापतीने काय काय बिघडते?

पहिला प्रकार दृष्टीच्या नसेचा. भुवईवर जोराचा आघात झाल्यास त्या बाजूच्या नसेला इजा होऊन एका डोळ्याची नजर एकदम मंदावते. डोळा बाहेरून अगदी नेहमीसारखा दिसतो, आतील नसेचा फिकेपणाही काही आठवड्यांनंतरच दिसू लागतो. डॉक्टर अशा वेळी विजेरीचा प्रकाश आळीपाळीने दोन्ही डोळ्यांवर टाकतात. इजा झालेल्या डोळ्यावर प्रकाश येताच बाहुल्या आकसण्याऐवजी पसरतात. ही खूण रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून नसते. या डोळ्याला लाल रंगही फिकट दिसतो.

दुसरा प्रकार दृष्टिक्षेत्राचा. मेंदूच्या मागील भागास इजा झाल्यास दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते. रुग्ण पुष्कळदा म्हणतो, ‘माझा डावा डोळा गेला.’ पण एकेक डोळा झाकून पाहिल्यास दोन्ही डोळ्यांना डावीकडचेच दिसत नाही असे आढळते.

तिसरा प्रकार डोळे वळविणाऱ्या नसांचा. यांतील चौथी नस लांब व नाजूक असल्याने डोक्याच्या धक्क्याने सहज दुखावते. तेव्हा एकावर एक अशी दोन चित्रे दिसतात आणि जिना उतरताना व वाचताना, म्हणजे नजर खाली असताना, त्रास वाढतो. रुग्ण नकळत मान एका खांद्याकडे झुकवू लागतो. सहावी नस दुखावल्यास शेजारी शेजारी दोन चित्रे दिसतात आणि दूरचे पाहताना ती अधिक फाकतात. तिसरी नस दुखावल्यास पापणी पडते व डोळा बाहेर-खाली वळतो. याला तातडीने रुग्णालय हाच उपाय.

चौथा प्रकार जवळचे पाहण्याचा. हलक्या वाटणाऱ्या दुखापतीनंतरही दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र आणण्याची शक्ती कमी होते. पाच-दहा मिनिटांतच अक्षरे धूसर होतात, हलतात, कपाळ दुखते, प्रकाश सहन होत नाही. मेंदूचे साधे चित्रण बहुधा निर्दोष येते आणि तक्त्यावरची नजरही ६/६ असते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रकार फार महत्त्वाचा आहे.

पाचवा प्रकार अवधानाचा. मेंदूचा उजवा भाग दुखावल्यास व्यक्तीला डाव्या बाजूचे भानच राहत नाही. दृष्टिक्षेत्र गेलेल्या माणसाला काहीतरी सुटते आहे हे हळूहळू कळते व तो मान वळवू लागतो. ज्याचे भान हरपले आहे त्याला सुटल्याचेही कळत नाही. घड्याळ काढायला सांगितले तर तो सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतो.

वाचनावर याचा परिणाम कसा होतो, हे शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे. आपली लिपी डावीकडून उजवीकडे वाचली जाते. डावी बाजू सुटणारा विद्यार्थी ओळीच्या आरंभाला पोहोचत नाही, शब्दाचे पहिले अक्षर गाळतो. ‘अन्याय’ हा शब्द तो ‘न्याय’ असा वाचतो आणि ‘असमता’ हा ‘समता’ असा. उजवी बाजू गेलेला विद्यार्थी शब्दाचे शेपूट गमावतो, पुढचा शब्द त्याला दिसत नाही, म्हणून तो अतिशय संथ व अडखळत वाचतो. ही चूक नियमाने एकाच बाजूची असते. आळसाने केलेल्या चुका अशा एका बाजूला गोळा होत नाहीत.

तपासणीचा क्रम

नेत्रतज्ज्ञाकडील तपासणी साधारणपणे पुढील क्रमाने होते, आणि पालकांनी ती पूर्ण झाली की नाही हे विचारावे. प्रथम दुखापतीचा सविस्तर वृत्तान्त. मग प्रत्येक डोळ्याची दूरची व जवळची नजर स्वतंत्रपणे. नंतर बाहुल्या, रंगज्ञान, डोळ्यांची सर्व दिशांतील हालचाल. दोन-दोन दिसत असल्यास एक डोळा झाकल्यावर ते थांबते काय? थांबत असेल तर दोष दोन डोळ्यांच्या समन्वयात आहे, थांबत नसेल तर त्या डोळ्यातच आहे. पेनाचे टोक नाकाच्या दिशेने आणत दोन्ही डोळे किती जवळपर्यंत एकत्र राहतात हे पाहतात. सुमारे दहा सेंटीमीटरहून दूरच जर ते फाकले, तर अधिक तपासणी आवश्यक ठरते. त्यानंतर दृष्टिक्षेत्राचे यंत्राने मापन, दृष्टिपटल व नसेची पाहणी, आणि गरजेप्रमाणे मेंदूचे चित्रण.

दृष्टिक्षेत्राची प्राथमिक चाचणी यंत्राशिवायही होते. तपासणाऱ्याने मुलासमोर हातभर अंतरावर, डोळ्यांच्या समान उंचीवर बसावे. मुलाने डावा डोळा तळहाताने झाकावा, तपासणाऱ्याने आपला उजवा डोळा मिटावा. मुलाने समोरच्याच्या उघड्या डोळ्याकडे पाहत राहावे. मग वर-खाली, डावी-उजवीकडे अशा चार कोपऱ्यांत एक, दोन किंवा पाच बोटे दाखवून ‘किती?’ असे विचारावे. नंतर दुसरा डोळा. शेवटी दोन्ही डोळे उघडे ठेवून दोन्ही बाजूंना एकदम बोटे दाखवावीत. एकेकटी दाखवलेली बोटे दिसतात, पण एकदम दाखवल्यावर एकच बाजू दिसते, असे झाल्यास अवधानाचा दोष संभवतो. ही चाचणी रोगनिदानासाठी नाही. कोणाला तज्ज्ञाकडे पाठवावे हे तिने समजते, एवढेच.

शिक्षकाजवळ मात्र एक साधन असे असते, जे डॉक्टरांजवळ नसते. ते म्हणजे विद्यार्थ्याच्या वह्या. इतिहासाच्या अभ्यासकाला अस्सल साधनाची किंमत ठाऊक असते. अपघातापूर्वीची वही आणि नंतरची वही शेजारी ठेवली की समास कोठे सरकला, बेरजेतील कोणत्या बाजूचे अंक सुटले, नकाशाचा कोणता अर्धा भाग कोरा राहिला, हे स्वच्छ दिसते. त्या वह्या, दुखापतीची तारीख, बेशुद्धी आली होती काय, आणि शिक्षकाने प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी यांचे एक पानी पत्र मुलाबरोबर द्यावे. तज्ज्ञाचे काम त्याने निम्मे सोपे होते.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण येथे देतो. ऊसतोड कुटुंबातील सातवीची एक मुलगी सुटीत आईवडिलांकडे गेली असता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली. परतल्यावर तिचे वाचन बिघडले. एका शिबिरात नजर ६/६ ठरली आणि ‘हिला काही झालेले नाही’ असा शेरा मिळाला. वसतिगृहात जेवण वाढणाऱ्या मावशींनी मात्र एक गोष्ट टिपली होती. मुलगी भाजी-भाकरी संपवी, पण ताटाच्या डाव्या बाजूची चटणी रोज तशीच राही. ताट फिरवून दिले की ती चटणी खाई आणि भाजी राहून जाई. ही नोंद पत्रात लिहून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले, तेव्हा यंत्राच्या तपासणीत दोन्ही डोळ्यांचे डावे दृष्टिक्षेत्र गेल्याचे निष्पन्न झाले. तिची हरवलेली बाजू पूर्ण परतली नाही. पण कारण कळल्यावर शिकविण्याची पद्धत बदलली, ‘नाटक करते’ हा शब्द थांबला, आणि ती शाळेत टिकली.

शाळेने व घराने काय करावे?

हरवलेल्या दृष्टिक्षेत्रात आपोआप होणारी सुधारणा बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत होते आणि सहा महिन्यांनंतर ती क्वचितच होते. डोळे वळविणाऱ्या नसा पुष्कळदा काही महिन्यांत सावरतात. तोवर एक डोळा झाकणे किंवा विशेष काचेचा चष्मा यांनी दोन-दोन दिसणे आटोक्यात राहते. डोळे जवळ आणण्याची शक्ती तज्ज्ञाने दिलेल्या व्यायामांनी सुधारू शकते. म्हणजे वेळ दवडणे परवडणारे नाही.

वर्गात करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. डावी बाजू गेलेल्या मुलाला वर्गाच्या डाव्या अंगाला बसवावे, म्हणजे फळा त्याच्या शाबूत बाजूस येतो. उजवी गेलेल्याला उजव्या अंगाला बसवावे. डावीकडचे सुटत असल्यास पुस्तकाच्या डाव्या समासात जाड लाल रेघ ओढून ‘रेघ दिसेपर्यंत नजर न्यायची’ अशी सवय लावावी. ओळीखाली पट्टी ठेवू द्यावी. वाचन लहान टप्प्यांत, मध्ये विश्रांती देऊन घ्यावे. प्रकाश सहन होत नसल्यास खिडकीपासून दूर बसवावे. रस्ता ओलांडताना हरवलेल्या बाजूकडे मान पूर्ण वळविणे शिकवावे. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत कबड्डी, कुस्ती व सायकल बंद ठेवावी, कारण सावरत असलेल्या मेंदूला दुसरा मार अधिक घातक ठरू शकतो. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात, तेव्हा डोक्याला मार लागलेल्या मुलांची वेगळी यादी त्यांच्या हाती द्यावी.

आणि प्रतिबंध विसरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दुचाकीवरील चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण आवश्यक आहे. मागे बसलेल्या मुलाचे डोकेही तितकेच नाजूक असते.

तपासणी हा हक्काचाही प्रश्न

इनोये यांच्या अभ्यासाचा उगम निवृत्तिवेतनाच्या हिशेबात होता, हे आम्ही वर सांगितले. आजही दृष्टीच्या मापनावर माणसाचा हक्क अवलंबून असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मान्य झाली आहे. त्यात अंधत्व व अल्पदृष्टी यांची व्याख्या करताना नजरेच्या तीक्ष्णतेबरोबर दृष्टिक्षेत्रही विचारात घेतले आहे. उत्तम चष्मा लावूनही दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी ते १० अंशांपर्यंत असल्यास अल्पदृष्टी आणि १० अंशांहून कमी असल्यास अंधत्व, अशी ती व्याख्या आहे. म्हणजे ६/६ वाचणारी व्यक्तीही कायद्याने दृष्टिबाधित असू शकते. परंतु दृष्टिक्षेत्र मोजलेच नाही, तर प्रमाणपत्र कसे मिळणार? प्रमाणपत्र नसेल तर परीक्षेतील वाढीव वेळ व लेखनिक, शिष्यवृत्ती, नोकरीतील राखीव जागा हे सारे दूरच राहते.

कामगारांचेही तसेच. कामावर झालेल्या इजेची भरपाई देणारा कायदा १९२३ पासून आपल्या देशात आहे, आणि रस्ते अपघातासाठी दावा न्यायाधिकरणे आहेत. तेथे पुरावा कागदाचा लागतो. जखमेचे टाके नोंदले गेले आणि गेलेली अर्धी नजर नोंदलीच गेली नाही, तर त्या माणसाचे नुकसान अर्धेच मोजले जाते. म्हणून रुग्णालयातून घरी येताना दृष्टीची तपासणी लेखी घेणे, यंत्राच्या मापनाचे कागद जपून ठेवणे आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करणे, हे शिकलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील जखमी माणसासाठी करावयाचे काम आहे. अर्ज लिहिता येणे, कागद वाचता येणे, हक्क विचारता येणे, यासाठीच तर आपल्याला शाळेत घातले गेले.

अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांची दृष्टी मंदावली होती, तरीही त्यांनी धम्मग्रंथाचे काम सोडले नाही. ते वाचन-लेखन पुढे चालू राहिले त्यात जवळच्या माणसांच्या साहाय्याचाही वाटा होता. विनयपिटकात आजारी भिक्खूची हकीकत आहे. सोबत्यांनी दुर्लक्षिलेल्या त्या भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतः केली आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा मानावी, असे संघाला बजावले. निवासी शाळा हा एक प्रकारे लहान संघच आहे. येथे आईवडील जवळ नसतात. मुलाच्या वाचनातील अडखळणे, मानेचे झुकणे, ताटातील राहिलेली चटणी हे पाहणारे डोळे आपलेच असावे लागतात.

माजी विद्यार्थ्यांत आज डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, वकील आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस वसतिगृहात येऊन डोक्याला मार लागलेल्या मुलांची वर सांगितलेल्या क्रमाने तपासणी करावी आणि त्यांतील एकेका मुलाचा पाठपुरावा आपल्याकडे घ्यावा, अशी विनंती करून हा लेख पूर्ण करतो.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!